चार बाकं जोडण्याआधी: वर्गात सहयोगी अध्ययन कसं सुरू करावं

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सहावीच्या वर्गात पाच-पाच जणांचे गट पाडले आणि जलचक्राचा तक्ता करायला सांगितलं. तक्ते देखणे झाले. भिंतीवर लागले, मुख्याध्यापकांनी कौतुकही केलं. पुढच्या आठवड्यात एका मुलाला फळ्यापाशी बोलावून बाष्पीभवन समजावून सांग म्हटलं, तर तो गप्प उभा. "अरे, तो तक्ता तुमच्याच गटाचा ना? तू काय केलंस त्यात?"

"बाई, मी समास आखला."

समास खरोखर सरळ होता, दोन रंगांत आखलेला. बाकीचा तक्ता एका मुलीने घरी बसून पूर्ण केला होता आणि उरलेल्या तिघांनी तिला स्केचपेनं पुरवली होती. चूक त्या मुलाची नव्हती. एकटीला जमेल असं काम मी पाच जणांना दिलं होतं, आणि ते एकटीनेच केलं.

हा लेख पहिल्यांदाच गटाने शिकवू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. संवाद, सहकार्य, चिकित्सक विचार ही आजच्या काळाची म्हणून सांगितली जाणारी कौशल्यं मुलांमध्ये यावीत असं सगळ्यांनाच वाटतं. ती बाकं जोडल्याने येत नाहीत. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, मुलांचं एकमेकांवाचून अडलं पाहिजे. दोन, ज्याचा त्याला जाब द्यावा लागला पाहिजे. मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे भाऊ आयुष्यभर याच विषयावर काम करत आले. त्यांनी आणखी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: समोरासमोर एकमेकांना मदत, गटात वागण्याची कौशल्यं, आणि काम झाल्यावर ते कसं झालं याचा आढावा. पाचही हव्यात, पण पहिल्या दोन नसतील तर बाकीच्या तिन्ही फुकट, असा माझा अनुभव आहे.

पहिली पायरी: कामाला चाळणी लावा

गट पाडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. वर्गातलं सगळ्यात हुशार मूल हे काम तेवढ्याच वेळात एकटं करू शकेल का? उत्तर 'हो' असेल तर गट पाडू नका.

'स्वाध्यायातली वीस गणितं गटात सोडवा' म्हटलं की चौघं पाच-पाच वाटून घेतात आणि शेवटी एकमेकांच्या वह्या उतरवतात. त्याला कामाची वाटणी म्हणायचं, सहयोग नाही. त्याऐवजी एक सोडवलेलं उदाहरण द्या आणि सांगा, "यात तीन चुका आहेत. त्या शोधा, आणि प्रत्येक चूक करणाऱ्याने मनात काय धरलं असेल ते लिहा." आता वाद होतो, कारण दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललं असेल याचा अंदाज चौघांचा चार प्रकारचा असतो. प्रयोग करण्याआधी निष्कर्षाचा अंदाज बांधणं, सात कारणांना महत्त्वाच्या क्रमाने लावणं, प्रत्येकाकडे अर्धीच माहिती असताना निर्णय घेणं, ही सगळी कामं गटाला शोभतात.

पाढे, शुद्धलेखनाचा सराव, धड्याचं पहिलं वाचन, निबंध ही एकट्याने करायची कामं. ती एकट्यालाच करू द्या. रोज गटकार्य करणारा वर्ग मला रोज व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गाइतकाच कंटाळवाणा वाटतो.

दुसरी पायरी: आधी जोडी

नवखे शिक्षक थेट पाचाचा गट करतात. मी तेच केलं होतं. तुम्ही पहिले दोन-तीन आठवडे जोडीच्या पुढे जाऊ नका. जोडीत लपायला जागा नसते: एक बोलत असेल तर दुसऱ्याला ऐकावंच लागतं.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे 'थिंक-पेअर-शेअर'. मेरीलँड विद्यापीठातल्या फ्रँक लायमन यांनी ती १९८१ मध्ये मांडली. प्रश्न विचारा. एक मिनिट कोणीही बोलायचं नाही, प्रत्येकाने वहीत एक तरी ओळ लिहायची. मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं. मग वर्गापुढे. ते पहिलं मूक मिनिट वगळण्याचा मोह होतो, तो आवरा. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा दिसलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं तरी मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तुमच्या हातात तर अख्खं मिनिट आहे.

वर्गापुढे मांडायच्या वेळी "तुला काय वाटतं?" असं विचारू नका. "तुझ्या जोडीदाराने काय सांगितलं?" असं विचारा. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग गडबडतो, कारण कोणीच ऐकलेलं नसतं. चौथ्या दिवशी ऐकू लागतात.

जोडीला चांगला प्रश्न मिळाला तर काय होतं त्याचं एक उदाहरण. पेला पाण्याने काठोकाठ भरलाय, वर बर्फाचा खडा तरंगतोय. बर्फ पूर्ण वितळल्यावर पाणी सांडेल, पातळी खाली जाईल, की तेवढीच राहील? बोटांनी मत द्यायचं: एक, दोन किंवा तीन. बरोबर काय ते मी सांगत नाही. "तुझ्याहून वेगळं बोट दाखवणारा शोध आणि त्याला पटव," एवढंच सांगते. तीन मिनिटांनी पुन्हा मत. बहुतेक वेळा तिसऱ्या पर्यायाची बोटं वाढलेली असतात, आणि मी अजून तोंडही उघडलेलं नसतं. (पातळी तेवढीच राहते. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो, आणि वितळल्यावर त्याचं तेवढंच पाणी होतं.) हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून आपल्या वर्गात असंच शिकवू लागले. पहिल्या मतदानात साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश मुलांचं उत्तर बरोबर असेल तर ही चर्चा रंगते. जवळजवळ सगळेच चुकले असतील तर चर्चा थांबवा आणि आधी नीट शिकवा.

तिसरी पायरी: गट कोणी पाडायचे?

तुम्ही. मुलांवर सोडलं की मैत्रीचे गट होतात, आणि शेवटी एक-दोन मुलं कोणालाच नको असलेली उरतात. तो क्षण त्या मुलांच्या कायम लक्षात राहतो.

चाराचा गट मला सगळ्यात सोयीचा वाटतो, कारण त्याच्या लगेच दोन जोड्या करता येतात. पाचात एक जण हमखास कडेला पडतो. बाकं जमिनीला ठोकलेली असतील तर पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचं, झाला गट. एकदा पाडलेला गट पाच-सहा आठवडे मोडू नका. दुसऱ्या आठवड्यात भांडणं होतात आणि "बाई, माझा गट बदला" सुरू होतं. ती भांडणं मिटवणं हाही शिकण्याचाच भाग आहे.

आता भूमिका. बहुतेक मार्गदर्शिका सांगतात की एकाला वेळ पाहायला बसवा, एकाला साहित्य आणायला. मला हे पटत नाही. घड्याळ पाहणारा मुलगा म्हणजे माझा समास आखणाराच. भूमिका अशी द्या की विचार करावा लागेल: एक जण शंका काढेल, एक जण प्रत्येक विधानाला "कशावरून?" विचारेल, एक जण दर पाच मिनिटांनी आतापर्यंत काय ठरलं ते सांगेल, एक जण नोंद ठेवेल. दर तासाला भूमिका फिरवा. आणि हुशार मुलाला गटप्रमुख करू नका. स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांनी दाखवलं होतं, की वर्ग ज्यांना हुशार समजतो ती मुलं गटात जास्त बोलतात आणि जास्त बोलतात म्हणून जास्त शिकतात. गटप्रमुखाचा बिल्ला लावून आपण त्यात भरच घालतो.

चौथी पायरी: बोलायला शिकवा

'चर्चा करा' म्हणणं सोपं आहे. चर्चा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मुलांना कोणी शिकवलेलंच नसतं. त्यांना भांडता येतं आणि गप्प बसता येतं. मधलं शिकवावं लागतं, अगदी वाक्यांसकट. मी फळ्याच्या कोपऱ्यात चार वाक्यं कायमची लिहून ठेवते:

"तू असं म्हणतोयस का की…"
"इथपर्यंत पटतं, पण पुढे…"
"हे कशावरून?"
"तू अजून काही बोलली नाहीस, तुला काय वाटतं?"

सुरुवातीला मुलं ही वाक्यं नाटकातल्यासारखी म्हणतात आणि हसतात. हसू द्या. महिनाभराने एखादं मूल मधल्या सुट्टीत क्रिकेटवरून भांडताना "इथपर्यंत पटतं, पण" म्हणालं की समजायचं, वाक्य रुजलं. ही कौशल्यं विषयाच्या ज्ञानाहून वेगळी मोजता येतात, हेही लक्षात असू द्या. २०१५ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत १५ वर्षांच्या मुलांचं सहकार्याने प्रश्न सोडवण्याचं कौशल्य स्वतंत्रपणे तपासलं गेलं. भाग घेतलेल्या प्रत्येक देशात त्यात मुली मुलांच्या पुढे होत्या.

पाचवी पायरी: पहिला पूर्ण तास, जिगसॉ

जोड्या रुळल्या, गट बसले, की मग हा प्रयोग करा. जिगसॉ म्हणजे तुकडे जुळवून चित्र पूर्ण करायचं कोडं. त्याच नावाची ही पद्धत मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात बसवली. वंशभेदाने वेगळ्या ठेवलेल्या शाळा तेव्हा एकत्र केल्या जात होत्या. गोरी, काळी आणि हिस्पॅनिक मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि तणाव होता. ॲरनसन यांच्या लक्षात आलं, की वर्गाची रचनाच मुलांना एकमेकांविरुद्ध उभं करते: शिक्षक विचारणार, जो आधी हात वर करेल तो जिंकणार. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि प्रत्येक मुलाच्या हाती एकच तुकडा दिला. आता शेजाऱ्याला हसून चालेना, कारण परीक्षेतला एक भाग फक्त त्याच्याकडे होता.

मी हे मलेरियाच्या पाठावर करते. वर्गात ३६ मुलं, म्हणजे चाराचे नऊ मूळ गट. पाठाची चार पानं: परजीवी माणसाच्या शरीरात काय करतो, डासाचं जीवनचक्र, निदान आणि उपचार, प्रतिबंध. प्रत्येक गटात एकाला एकच पान मिळतं.

मग सगळे 'पान एक'वाले एकत्र येतात, तसेच बाकीच्या पानांचे. हे त्या त्या पानाचे तज्ज्ञगट. इथे एक हिशेब चुकतो: नऊ जणांचा तज्ज्ञगट फार मोठा होतो. त्याचे चार आणि पाच असे दोन करा. तज्ज्ञगटाला १५ मिनिटं. काम फक्त वाचायचं नाही, शिकवायची तयारी करायची: तीन वाक्यं, एक आकृती आणि ऐकणाऱ्याला विचारायचा एक प्रश्न. मुलं परत मूळ गटात जाण्याआधी मी आठही तज्ज्ञगटांची तीन वाक्यं ऐकते. ही तपासणी चुकवू नका. तज्ज्ञगटात एक चूक राहिली तर ती चार-पाच गटांत पसरते. एकदा माझ्या अर्ध्या वर्गाने नर डास चावतो असं शिकून घेतलं होतं. (चावते ती ॲनाफिलिसची मादी. तिला अंड्यांसाठी रक्त लागतं.)

मूळ गटात परतल्यावर पानं पालथी. वाचून दाखवायचं नाही, सांगायचं. प्रत्येकाला चार मिनिटं. डासवाल्याने सांगितलं, की अंड्यापासून डास व्हायला बहुधा १० ते १४ दिवस लागतात, की प्रतिबंधवाल्याला आपल्याच पानावरच्या 'आठवड्यातून एकदा साठलेलं पाणी ओतून टाका' या ओळीचं कारण कळतं. तुकडे जुळू लागतात ते असे.

आणि मग कोडं, चारही पानांशिवाय न सुटणारं. माझं असं आहे: पावसाळा संपला, डास दिसेनासे झाले. पावसाळ्यात मलेरिया होऊन गेलेल्या काही जणांना चार महिन्यांनी पुन्हा मलेरियाचा ताप आला. डास नाही, तर ताप आला कुठून?

एका गटाशी उभी राहून मी ऐकलेलं असं होतं:

"दुसऱ्या गावात गेले असतील."
"सगळेच कसे जातील? थांब, माझ्या पानात होतं. एक जात लिव्हरमध्ये झोपून राहते."
"डास?"
"डास नाही रे, परजीवी! व्हायवॅक्स."
"मग औषध घेतलं होतं ना त्यांनी?"
"ते रक्तातल्यांसाठी असतं. लिव्हरमधल्यांना वेगळं लागतं, ते माझ्या पानात आहे."
"म्हणजे मच्छरदाणी लावूनपण आला असता ताप."

शेवटचं वाक्य प्रतिबंधाचं पान मिळालेल्या मुलीचं, तिच्या पानावर ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. या चाळीस सेकंदांसाठी पानं कापण्याचा, चिकटवण्याचा, नंबर घालण्याचा सगळा खटाटोप.

दुसऱ्या दिवशी दहा गुणांची लेखी चाचणी, प्रत्येकाची स्वतंत्र, प्रश्न चारही पानांवर. चाचणी होणार हे आधीच सांगा. नाहीतर मुलं दुसऱ्याचं पान ऐकायला लागत नाहीत. अनुपस्थितीची सोयही आधी करून ठेवा: एखादं पान आणणारं मूल आलं नाही तर शेजारच्या गटाचा तज्ज्ञ दोन्ही गटांना एकदमच शिकवतो.

गट काम करत असताना तुम्ही काय करायचं?

टेबलाशी बसून वह्या तपासायच्या नाहीत, आणि प्रत्येक गटात डोकावून समजावतही सुटायचं नाही. छोटी वही घेऊन फिरा, ऐका, वाक्यं जशीच्या तशी टिपा. कोणी प्रश्न विचारला तर आधी पाहा, गटातल्या बाकीच्या तिघांना तो माहीत आहे का. "तुझ्या गटाचा प्रश्न काय आहे?" असं मी शेजारी बसलेल्याला विचारते. त्याला सांगता आला नाही तर मी पुढे निघून जाते. हे सुरुवातीला निर्दयी वाटतं. आठवड्याभरात मुलं मला हाक मारण्याआधी एकमेकांना विचारू लागतात.

गोंगाट होणार. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा. शांत करायला ओरडू नका. हात वर करून उभे राहा, ज्याला दिसेल त्याने बोलणं थांबवून हात वर करायचा. सरावाने दहा सेकंदांत वर्ग शांत होतो.

फुकट्यांचं काय?

माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावली होती. त्याचे आकडे १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून दोरी ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना असतो त्याच्या निम्म्यावर येत होता. थोडा जोर एका तालात न ओढल्याने जातो, पण सगळा नाही. १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ओरडायला आणि टाळ्या वाजवायला लावून दाखवलं, की आपण गटात आहोत असं नुसतं वाटलं तरी माणूस हात आखडता घेतो. मोठी माणसं असं वागत असतील तर सहावीच्या मुलावर का चिडायचं?

उपाय रचनेत आहे. गटातल्या प्रत्येकाला एक ते चार क्रमांक द्या. प्रश्न द्या, चर्चा होऊ द्या, मग फासा टाका. पडेल त्या क्रमांकाने उभं राहून गटाच्या वतीने उत्तर द्यायचं (पाच-सहा पडले तर पुन्हा टाका). आपला नंबर लागेल की नाही हे कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून गट सगळ्यात कच्च्या मुलाची तयारी करून घेतो. लेखी कामात प्रत्येकाच्या पेनाची शाई वेगळी ठेवा. पान उघडलं की कोणी किती लिहिलं ते दिसतं.

गुणांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: गटाला एकत्र गुण देऊ नयेत. राबणाऱ्याला ते अन्याय वाटतात आणि फुकट्याला बक्षीस. कौतुक मात्र गटाचं करा, तेही कोणाचे किती गुण आले यावर नाही, तर प्रत्येक जण मागच्या वेळेपेक्षा किती पुढे गेला यावर. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट स्लाविन यांच्या पद्धतीचा गाभा हाच होता.

शेवटची चार मिनिटं

घंटा होण्याआधी चार मिनिटं राखून ठेवा आणि दोन प्रश्न विचारा: आज गटात कोणाच्या कोणत्या बोलण्याने अडलेलं सुटलं? उद्या आपण काय वेगळं करायचं? उत्तर एका वाक्यात, नावासकट. "सगळे छान वागलो" हे उत्तर चालणार नाही. मीही माझ्या वहीतलं एखादं टिपलेलं वाक्य वाचून दाखवते. वेळ कमी पडला की आपण नेमकी हीच चार मिनिटं कापतो. त्याऐवजी एक प्रश्न कमी करा.

संगणक असतील तर सामायिक दस्तऐवजात गट एकत्र लिहू शकतो, आणि त्याच्या बदलांच्या इतिहासात कोणी काय लिहिलं तेही दिसतं. पण एका पडद्यासमोर चार मुलं बसवली की माउस एकाच्याच हाती राहतो. दर पाच मिनिटांनी खुर्च्या बदला. गटाचा अहवाल एआयकडून लिहून आणला गेला असेल अशी शंका आली तर चौकशी समिती नेमू नका, फासा टाका. ज्याचा क्रमांक येईल त्याने अहवालातला कोणताही एक परिच्छेद आपल्या शब्दांत समजावून सांगायचा.

पालक विचारतील

"माझी मुलगी पहिली येते. ती दुसऱ्यांना का शिकवत बसते?" पालकसभेत हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. अमेरिकन शिक्षण-संशोधक नोरीन वेब यांनी गटांतल्या मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं अभ्यासलं. त्यांना दिसलं, की जो सविस्तर समजावून सांगतो तो स्वतः जास्त शिकतो. नुसतं उत्तर सांगणाऱ्याला मात्र त्याचा फायदा होत नाही. मी पालकांना हे सांगते, आणि मग त्यांच्या मुलीच्या दोन चाचण्या समोर ठेवते: गटकार्याआधीची आणि नंतरची. दुसरीत गुण वाढले नसतील तर तेही दाखवते. मग आम्ही तिच्या गटाची नोंदवही उघडतो आणि ती समजावत होती की नुसती उत्तरं पुरवत होती, ते पाहतो.